डॉ. रॉबिन लॉरेन्स : इन्सुलिनमुळे वाचलेला डॉक्टर आणि इन्सुलिनच्या जोडीला आलेली औषधे

टाइप १ मधुमेह असलेल्या विशी-पंचविशीतल्या पेशंटला मी जेव्हा रक्तदाबाची गोळी लिहून देतो, तेव्हा बरोबर आलेल्या आईवडिलांचा चेहरा उतरतो. रक्तदाब नॉर्मल आहे, इन्सुलिन वेळेवर चालू आहे, मग ही म्हाताऱ्या माणसांची गोळी कशाला, असे त्यांना वाटते. काही जण तसे विचारतात. काही जण विचारत नाहीत, घरी जाऊन गोळी बंद करतात आणि मला ते वर्षभराने कळते. तुमच्या घरातही हा प्रश्न पडला असेल, तर आज एका डॉक्टरांची गोष्ट सांगतो. मधुमेहाच्या इतिहासात त्यांचे नाव मोठे आहे. ते स्वतः टाइप १ चे पेशंट होते आणि इन्सुलिनच्या जिवावर ४५ वर्षे जगले. मात्र आज तुमच्या चिठ्ठीवर दिसणारी बाकीची औषधे त्यांच्या वाट्याला आली नाहीत.

त्यांचे नाव रॉबर्ट डॅनियल लॉरेन्स. सगळे त्यांना रॉबिन म्हणत. जन्म १८९२ चा, स्कॉटलंडमधल्या ॲबर्डीन शहरातला. घरचा धंदा ब्रश बनवण्याचा. आधी त्यांनी फ्रेंच आणि इंग्रजी हे विषय घेऊन पदवी मिळवली, मग लंडनमध्ये नातेवाइकांच्या कापडाच्या व्यवसायात काही आठवडे काढले. तिथे मन रमले नाही, म्हणून परत येऊन मेडिकलला प्रवेश घेतला. १९१६ मध्ये डॉक्टर झाले. पहिले महायुद्ध चालू होते. सैन्याच्या वैद्यकीय दलातून त्यांची रवानगी हिंदुस्थानच्या सरहद्दीवर झाली आणि १९१९ मध्ये आमांशाने आजारी पडून ते मायदेशी परतले. आपल्या देशाशी त्यांचा संबंध एवढाच.

लंडनच्या किंग्ज कॉलेज हॉस्पिटलमध्ये त्यांना सर्जन व्हायचे होते. १९२० साली ते कान-नाक-घशाच्या विभागात होते. कानामागच्या हाडाच्या ऑपरेशनचा सराव ते एका मृतदेहावर करत होते. छिन्नीने हाड फोडताना एक कपची उडून उजव्या डोळ्यात गेली. डोळ्यात जंतुसंसर्ग झाला आणि तो हटेना. तेव्हा लघवी तपासली, तर तिच्यात साखर सापडली. वय अवघे २८. तुमच्यापैकी अनेकांच्या घरी निदान असेच झाले असेल: दाखवायला गेलो एक आणि निघाले भलतेच. डोळा हळूहळू शांत झाला, पण त्याची दृष्टी अधू राहिली आणि सर्जन होण्याचा विचार सोडावा लागला.

१९२० मध्ये या आजारावर औषध नव्हते. होता तो उपासमारीचा आहार. पिठूळ पदार्थ जवळजवळ बंद आणि एकूण खाणेही जेमतेम जीव तग धरील इतकेच. साखर थोडी आटोक्यात येई, पण माणूस हाडांचा सापळा होई. लॉरेन्स स्वतः डॉक्टर असल्यामुळे आपल्याकडे फार तर तीन-चार वर्षे आहेत, हे त्यांना ठाऊक होते. ते प्रयोगशाळेत काम करत राहिले. पुढे घरच्यांच्या डोळ्यांदेखत मरण नको म्हणून इटलीतल्या फ्लॉरेन्स शहरात गेले. तिथल्या इंग्रज मंडळींना डॉक्टर हवाच होता. त्यांनी तिथे छोटा दवाखाना थाटला आणि शेवटाची वाट पाहू लागले.

१९२२-२३ च्या हिवाळ्यात त्यांना ब्राँकायटिस झाला. टाइप १ असलेल्या घरात हे वेगळे सांगायला नको: साधा ताप-खोकलाही साखर कुठल्या कुठे नेतो. आहाराने जी काही आवरली होती तीही साखर सुटली. पायांच्या नसा दुखावल्या, चालणे अवघड झाले. या काळात तिकडे कॅनडात टोरांटोला जानेवारी १९२२ मध्ये पहिल्या पेशंटला इन्सुलिन टोचले गेले होते आणि हळूहळू ते इंग्लंडपर्यंत पोचत होते. मे १९२३ मध्ये किंग्जमधले त्यांचे बायोकेमिस्ट मित्र डॉ. जॉफ्री हॅरिसन यांची तार फ्लॉरेन्सला आली. इन्सुलिन हाती आले आहे, ते काम करते, लगेच परत या, असा तिचा मजकूर होता. लॉरेन्स त्या अवस्थेत मोटारीने युरोप ओलांडून निघाले आणि २८ मेला लंडनला पोचले. ३१ मे १९२३ ला त्यांना पहिले इंजेक्शन मिळाले.

दोनेक महिन्यांनी ते हॉस्पिटलमधून बाहेर पडले ते त्याच हॉस्पिटलचे केमिकल पॅथॉलॉजिस्ट म्हणून. पुढचे सारे आयुष्य त्यांनी या एका आजाराला दिले.

पेशंटला शिकवणारा डॉक्टर

त्या काळी डॉक्टरने डोस लिहायचा आणि पेशंटने टोचून घ्यायचा, अशी रीत होती. लॉरेन्स स्वतःवर रोज प्रयोग करत असल्यामुळे ही रीत चालणार नाही हे त्यांना लवकर कळले. जेवण बदलले, चालणे वाढले, ताप आला, तर त्या दिवसाचा डोस बदलायला हवा, आणि त्या वेळी डॉक्टर शेजारी नसतो. म्हणून त्यांनी पेशंटला घरी लघवी तपासायला शिकवले. आजच्यासारखे ग्लुकोमीटर तेव्हा कुठे होते! निळ्या द्रावणात लघवीचे थेंब टाकून ते उकळायचे. निळे राहिले तर साखर नाही. हिरवे, पिवळे, नारिंगी करत विटकरी झाले तर भरपूर. व्यायाम केला की इन्सुलिनचा परिणाम वाढतो, हेही त्यांनी १९२६ मध्ये दाखवून दिले.

जेवणासाठी त्यांनी लाइन रेशन नावाची सोपी पद्धत बसवली. १० ग्रॅम कर्बोदके म्हणजे एक काळा हिस्सा, प्रथिने-चरबीचा एक लाल हिस्सा, दोन्ही मिळून एक ओळ. दिवसाला किती ओळी ते डॉक्टर ठरवणार. त्या ओळींत काय खायचे ते घरचे ठरवणार. आज डाएटिशियन तुम्हाला पोळीत किती कार्ब आणि वाटीभर भातात किती हे मोजायला शिकवतात, त्यामागे हाच विचार आहे. १९२५ मध्ये डॉक्टर आणि पेशंट या दोघांसाठी त्यांचे पहिले पुस्तक आले, १९२९ मध्ये पेशंटसाठी आणखी सोपे. १९३४ मध्ये आपले पेशंट, प्रसिद्ध लेखक एच. जी. वेल्स यांना बरोबर घेऊन त्यांनी डायबेटिक असोसिएशन काढली. तीच आजची डायबेटिस यूके. पुढे १९५० मध्ये आंतरराष्ट्रीय मधुमेह संघटना स्थापन झाली तेव्हा तिचे पहिले अध्यक्षही लॉरेन्सच होते.

इथे थोडे विषयांतर करतो, कारण ही चूक मी आजही पाहतो. लॉरेन्स यांच्या काळात इंग्लंडमध्ये इन्सुलिन वेगवेगळ्या ताकदीचे मिळे: एका मिलिलिटरमध्ये २०, ४० किंवा ८० युनिट. त्यातून डोसचे घोळ होत. अखेर १९८३ मध्ये त्या देशाने सगळीकडे १०० युनिटचे इन्सुलिन आणले. आपल्याकडे मात्र अजून दोन्ही आहेत. बऱ्याच बाटल्या ४० युनिटच्या असतात, पेन आणि कार्ट्रिज १०० युनिटची. ४० च्या बाटलीला लाल टोपणाची सिरिंज आणि १०० ला नारिंगी टोपणाची. अदलाबदल झाली तर डोस अडीचपट जास्त किंवा कमी जातो. मेडिकल दुकानातून सिरिंज आणताना बाटलीवरचा आकडा आणि सिरिंजवरचा आकडा एकदा शेजारी धरून बघा.

माणसे जगली, मग पुढचे दुखणे दिसले

इन्सुलिनच्या आधी टाइप १ ची माणसे एक-दोन वर्षांत जात. त्यामुळे पंधरा-वीस वर्षांच्या मधुमेहाने शरीराचे काय होते, हे कोणी पाहिलेच नव्हते. १९३० आणि १९४० च्या दशकांत लॉरेन्स यांच्यासारख्या डॉक्टरांसमोर ही पहिली पिढी आली. लहानपणी इन्सुलिनने वाचवलेली मुले तिशीत येऊन डोळ्यांच्या आतल्या रक्तस्रावाने दृष्टी गमावत होती. काहींची किडनी जात होती. मधुमेहाने किडनीच्या गाळणीत होणारे विशिष्ट बदल १९३६ मध्ये प्रथम वर्णन केले गेले. त्यावर डायलिसिस नव्हते, डोळ्यांना लेझर नव्हते, रक्तदाबाची धड औषधे नव्हती.

मग वाद सुरू झाला. साखर काटेकोर ठेवली तर हे टळते का, की ते नशिबातच असते? काही डॉक्टर म्हणत, उगाच मुलांना छळू नका, लघवीत साखर गेली तर जाऊ द्या. लॉरेन्स दुसऱ्या बाजूचे. साखर आटोक्यातच हवी, पण ती पेशंटच्या हाताने, त्याच्या जगण्यात बसवून, असे त्यांचे म्हणणे. पुरावा मात्र कोणाकडेच नव्हता.

पुरावा आला १९९३ मध्ये. तोवर लॉरेन्स जाऊन २५ वर्षे झाली होती. अमेरिका आणि कॅनडातल्या १,४४१ टाइप १ पेशंटचे दोन गट करून सरासरी साडेसहा वर्षे पाहिले गेले. एका गटाला दिवसातून तीन-चार इंजेक्शने किंवा पंप आणि वारंवार तपासणी. त्यांचे एचबीएवनसी ७ च्या आसपास राहिले. दुसऱ्या गटाला दिवसाला एक-दोन इंजेक्शने. त्यांचे ९ च्या आसपास. पहिल्या गटात डोळ्यांचा आजार नव्याने सुरू होण्याचा धोका ७६ टक्क्यांनी कमी झाला, नसांच्या आजाराचा ६० टक्क्यांनी, लघवीतून अल्ब्युमिन जाऊ लागण्याचा ३९ टक्क्यांनी. याच पेशंटना पुढे अनेक वर्षे पाहिल्यावर हृदयविकार आणि पक्षाघातासारख्या घटनाही पहिल्या गटात ४२ टक्क्यांनी कमी दिसल्या.

तेव्हा गुंतागुंत टाळणाऱ्या औषधांच्या यादीत पहिले नाव इन्सुलिनचेच. दीर्घकाळ चालणारे बेसल इन्सुलिन आणि प्रत्येक जेवणाआधी झटपट काम करणारे, ही जोडी त्या १९९३ च्या निकालामुळे रूढ झाली. पण त्या अभ्यासात काटेकोर गटाला साखर धोकादायकरीत्या घसरण्याचे प्रसंगही तिप्पट आले होते, हे विसरू नका. आजची नवी इन्सुलिने आणि सेन्सर यांनी तो धोका कमी झाला आहे, संपलेला नाही. साखर, ग्लुकोज पावडर खिशात हवीच. घरच्यांनी ग्लुकॅगॉन कसे द्यायचे हेही आपल्या डॉक्टरांकडून शिकून घ्यावे.

त्या रक्तदाबाच्या गोळीचे उत्तर

योगायोग असा की त्याच १९९३ मध्ये आणखी एक निकाल आला. टाइप १ असलेले आणि लघवीतून प्रथिने जाऊ लागलेले ४०९ पेशंट. निम्म्यांना कॅप्टोप्रिल ही रक्तदाबाची गोळी, निम्म्यांना दिसायला तशीच खोटी गोळी. रक्तदाब दोन्ही गटांत जवळपास सारखा ठेवला. तरीही कॅप्टोप्रिल घेणाऱ्यांमध्ये क्रिएटिनिन दुप्पट होण्याचा धोका ४८ टक्क्यांनी आणि मृत्यू, डायलिसिस किंवा किडनी बदलण्याची वेळ येण्याचा धोका ५० टक्क्यांनी कमी झाला. म्हणजे गोळी रक्तदाब उतरवते त्यापलीकडे किडनीचे काहीतरी भले करत होती.

ते कसे, हे साधेपणाने सांगतो. किडनीत लाखो बारीक गाळण्या असतात. प्रत्येक गाळणीला रक्त आत येण्याची एक नळी आणि बाहेर जाण्याची दुसरी. मधुमेहात गाळणीच्या आतला दाब वाढतो आणि जाळी सैल होऊन त्यातून अल्ब्युमिन गळू लागते. ही औषधे बाहेर जाणारी नळी थोडी मोकळी करतात. दंडावर मोजलेला रक्तदाब नॉर्मल असला तरी गाळणीच्या आतला दाब त्यामुळे उतरतो. आपल्याकडे आता एनॅलाप्रिल किंवा रामिप्रिल देतात. त्यांनी कोरडा खोकला झाला तर लोसार्टन, टेल्मिसार्टनच्या जातीचे औषध देतात. दोन्ही एकत्र देत नाहीत.

मग सगळ्याच टाइप १ पेशंटना ही गोळी आधीपासून का देऊ नये? तेही करून पाहिले आहे. लघवी स्वच्छ आणि रक्तदाब नॉर्मल असलेल्या २८५ जणांना पाच वर्षे एनॅलाप्रिल, लोसार्टन किंवा खोटी गोळी दिली. २००९ मध्ये निकाल आला: किडनीला फायदा झाला नाही. म्हणून आम्ही लघवीच्या अल्ब्युमिन-क्रिएटिनिन रेशोकडे बघतो. मधुमेहाला पाच वर्षे झाली की ही तपासणी दरवर्षी व्हायला हवी. आकडा ३० च्या वर गेला तर एकाच रिपोर्टवर घाबरू नका. ताप, जोराचा व्यायाम, लघवीचा संसर्ग यांनीही तो वाढतो. काही महिन्यांत तीनपैकी दोन तपासण्या वाढलेल्या आल्या, तर गोळी सुरू होते. त्यानंतर एक-दोन आठवड्यांत क्रिएटिनिन आणि पोटॅशियम पाहावे लागते. ती तपासणी चुकवू नका.

दोन इशारे महत्त्वाचे. मुलगी किंवा सून टाइप १ असेल आणि बाळाचा विचार असेल, तर या गोळ्या आधीच बदलाव्या लागतात, कारण त्या गर्भाला घातक आहेत. लग्न ठरताना ही गोष्ट संकोचामुळे राहून जाते, म्हणून आवर्जून लिहितो. दुसरे, उलट्या-जुलाबांनी शरीर कोरडे पडले तर डॉक्टर या गोळ्या काही दिवस थांबवायला सांगतात. इन्सुलिन मात्र त्या दिवसांतही बंद करायचे नाही. पोटात अन्न नाही म्हणून इन्सुलिन थांबवले आणि पेशंट कीटोॲसिडोसिसमध्ये आला, हे आजही घडते.

हृदय, नसा आणि डोळे

निवृत्तीच्या सुमारास, १९५८ मध्ये, लॉरेन्स यांना पक्षाघाताचा झटका आला. ३५ हून अधिक वर्षांच्या मधुमेहात रक्तवाहिन्या कडक आणि अरुंद होतात. त्यांच्या झटक्याचे नेमके कारण कोणते होते ते आज दुरून ठरवायला मी जाणार नाही. पण टाइप १ मध्ये हृदय आणि मेंदूच्या रक्तवाहिन्यांचा धोका इतरांपेक्षा लवकर येतो, हे आता पक्के माहीत आहे. म्हणून चाळिशीनंतर बहुतेकांना स्टॅटिन गटातली गोळी, म्हणजे ॲटोर्वास्टॅटिन किंवा रोसुव्हास्टॅटिन, सुचवली जाते. किडनीचा त्रास, धूम्रपान किंवा बरीच वर्षे मधुमेह असेल तर त्याआधीही. इथेही गर्भधारणेचा इशारा लागू आहे. ॲस्पिरिन मात्र आधीच हृदयविकार किंवा पक्षाघात होऊन गेला असेल तर प्रामुख्याने देतात. शेजाऱ्याला चालू आहे म्हणून आपण सुरू करायची ती गोळी नाही.

फ्लॉरेन्सहून निघताना लॉरेन्स यांचे पाय ज्या नसांच्या आजाराने लुळावले होते, त्यावर आज वेदना कमी करायला प्रेगाबालिन, ड्युलोक्सेटिन, ॲमिट्रिप्टिलिन ही औषधे आहेत. ती दुखणे कमी करतात, नस दुरुस्त करत नाहीत. डोळ्यांच्या पडद्यासाठी लेझर आणि डोळ्यात द्यायची इंजेक्शने आहेत. त्यासाठी दिसणे कमी होण्याआधी दरवर्षी पडदा तपासलेला हवा.

टाइप २ मधल्या गोळ्या टाइप १ ला चालतील का, असेही मला विचारतात. मेटफॉर्मिनने टाइप १ मध्ये साखरेवर टिकाऊ फायदा दिसला नाही. डापाग्लिफ्लोझिनसारख्या लघवीवाटे साखर घालवणाऱ्या गोळ्यांनी साखर थोडी उतरते, पण साखर फार वाढलेली नसतानाही कीटोॲसिडोसिस होऊ शकतो. ग्लुकोमीटर १८० दाखवतो, घरचे निर्धास्त राहतात आणि पेशंट आतून बिघडत असतो. मधुमेह क्लिनिकबाहेर कोणी ही गोळी सुचवली तर आधी विचारा. आणि इन्सुलिन सोडवण्याचा दावा करणारे चूर्ण, काढे, कोर्स याबद्दल इतकेच सांगतो की १९२० मध्ये लॉरेन्स यांच्याकडे इन्सुलिनशिवायचेच उपाय होते, आणि त्या उपायांनी त्यांना फ्लॉरेन्सला नेऊन बसवले होते.

झटक्यानंतरही लॉरेन्स खचले नाहीत. असोसिएशनचे अध्यक्षपद त्यांनी १९६१ पर्यंत सांभाळले. २७ ऑगस्ट १९६८ ला लंडनमध्ये ते वारले, तेव्हा त्यांचे वय ७५ होते. मागे पत्नी आणि तीन मुलगे होते. त्यांचा संसार १९२८ मध्ये सुरू झाला होता. डॉक्टरांच्या १९२० च्या हिशेबाप्रमाणे तोवर त्यांना जाऊन चार वर्षे व्हायला हवी होती.